मनोरुग्णालयात नेण्यापूर्वी

पंचाहत्तरीच्या आजी परवापर्यंत स्वतःची औषधे स्वतः घेत होत्या. आज त्या सुनेला ओळखत नाहीत, भिंतीवर माणसे दिसतात म्हणतात, रात्रभर दाराशी उभ्या राहतात. घरात कुजबुज सुरू होते, मनोरुग्णालयाची चौकशी होते. वाचकहो, असा बदल काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाला असेल, तर त्यामागे बहुधा शरीराचा आजार असतो. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम म्हणतात.

स्मृतिभ्रंश सावकाश, महिन्या-वर्षांनी वाढतो. डिलिरियम एकाच दिवसात ओसरतो आणि उसळतो, संध्याकाळी विशेष. रुग्णाला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगावेत. एरवी सहज म्हणणारी व्यक्ती दोन वारांतच भरकटली, तर तिचे लक्ष टिकत नाही असे समजावे. आरडाओरडा करणाऱ्याकडे सर्वांचेच लक्ष जाते. दिवसभर निमूट, गुंगीत पडून राहणारा मात्र नजरेतून सुटतो.

कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घसरलेली साखर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांत सोडियम १३५च्या बरेच खाली जाते. सर्दीचे औषध, झोपेची गोळी, किंवा ती गोळी अथवा दारू एकाएकी बंद करणे, हेही कारण ठरते. मोरीत पाय घसरून डोक्याला लागलेला मार तर कोणी सांगतच नाही. मेंदूभोवती रक्त साठत जाऊन लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

म्हणून आधी ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि बोटावरची साखर पाहावी. नंतर रक्त, लघवी, ईसीजी व गरजेप्रमाणे सीटी स्कॅन. येताना औषधांची सगळी पिशवी आणावी, शेजारणीने दिलेल्या पुडीसकट! रुग्ण जुना मनोरुग्ण असला तरी ही तपासणी टाळू नये. लिथियम घेणाऱ्याला जुलाब झाले, तर तेच औषध अंगात साठून विषारी ठरू शकते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसताना दाखल करायचे असेल, तर त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ असतो. दुसरा साधा डॉक्टरही चालतो. त्या दुसऱ्या तपासणीत शरीराविषयी अवश्य विचारा.

जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर मात्र अहवालांची वाट पाहू नका. रुग्णाला एकटे न सोडता सर्वसाधारण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा दूरध्वनी अहोरात्र चालू असतो.