गृहशिक्षण घेणारा किशोरवयीन विद्यार्थी आणि गणितातील अनुशेष : निदान व उपचारात्मक अध्यापन

बीजसंज्ञा : गृहशिक्षण, गणितातील अनुशेष, चुकांचे विश्लेषण, उपचारात्मक अध्यापन, मुक्त शिक्षण.

प्रस्तावना :

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निर्णय महाराष्ट्रातील काही पालक जाणीवपूर्वक घेतात. वाचन, संगीत, हस्तकला, निसर्गनिरीक्षण यांत ही मुले रमतात. गणित मात्र अनेकदा ‘पुढे पाहू’ म्हणून बाजूला राहते. मूल चौदा-पंधरा वर्षांचे होते, दहावीची परीक्षा दृष्टिपथात येते आणि अपूर्णांकांची बेरीजही पक्की नसल्याचे लक्षात येते. घरात अपराधीपणाची भावना निर्माण होते, नातेवाईक ‘शाळेत घातले असते तर’ असे सुनावतात आणि मूल स्वतःला ‘ढ’ समजू लागते. प्रस्तुत लेखात या अनुशेषाची कारणे, त्याचे निदान आणि तो भरून काढण्याची पद्धती यांचा विचार केला आहे.

गृहशिक्षण आणि अनुशेष :

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. तो 6 ते 14 वयोगटासाठी असून त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. परीक्षेसाठी अशा विद्यार्थ्यांना प्रामुख्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचा मार्ग उपलब्ध आहे. तेथे माध्यमिक अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यासाठी किमान वय 14 वर्षे असावे लागते. म्हणजेच अनुशेष उघड होण्याचे वय आणि परीक्षेचे दार उघडण्याचे वय जवळजवळ एकच आहे.

हा अनुशेष केवळ गृहशिक्षणाचा दोष आहे, असे मानता येत नाही. 14 ते 18 वयोगटाविषयीच्या ‘असर 2023’ या अहवालानुसार तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सुमारे 43 टक्के मुलांनाच सोडविता आले. त्यांतील बहुसंख्य मुले शिक्षणसंस्थांत नाव असलेली होती. फरक एवढाच की, शाळेत अनुशेष गुणपत्रिकेत निदान नोंदला जातो. घरी तो दीर्घकाळ अदृश्य राहू शकतो.

निदान : चुका काय सांगतात?

गणिताची रचना पायरीपायरीची आहे. त्यामुळे नववीच्या उदाहरणात अडलेला विद्यार्थी प्रत्यक्षात पाचवीच्या घटकात अडलेला असू शकतो. 2x/3 − 5 = 7 हे समीकरण उदाहरणादाखल घेता येईल. याचे उत्तर x = 18 आहे. तीन विद्यार्थ्यांनी पुढीलप्रमाणे चुकीची उत्तरे काढली, अशी कल्पना करू.

1) पहिला 2x/3 = 2 असे मांडून x = 3 काढतो. त्याने 7 मधून 5 वजा केले. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम त्याने ऐकला असेल, पण समीकरण म्हणजे तराजू ही संकल्पना त्याच्या मनात रुजलेली नाही.

2) दुसरा 2x/3 = 12 येथपर्यंत अचूक येतो आणि 12 ला 2/3 ने गुणून x = 8 लिहितो. त्याची अडचण अपूर्णांकाच्या गुणाकार व्यस्ताची आहे.

3) तिसरा 2x = 36 पर्यंत पोहोचतो व 36 मधून 2 वजा करून x = 34 म्हणतो. त्याला 2x म्हणजे ‘2 गुणिले x’ हेच उमगलेले नाही.

तिघांच्याही उत्तरावर फुलीच पडेल. परंतु तिघांचा उपचार वेगळा आहे. म्हणून नववीचे पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करणे हा उपाय ठरत नाही. पूर्णांक, अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शतमान आणि बैजिक राशी या सहा घटकांवर प्रत्येकी चार-पाच सोपी उदाहरणे द्यावीत, वेळेचे बंधन ठेवू नये आणि ‘हे कसे केलेस?’ असे प्रत्येक उत्तरानंतर विचारावे. हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारणे आवश्यक आहे. तो केवळ चुकीच्या उत्तराला विचारला गेला, तर विद्यार्थी प्रश्न ऐकताच उत्तर बदलतो.

उपचारात्मक अध्यापन :

अध्यापनाचा प्रारंभ विद्यार्थ्याला जे येते तेथून करावा. मराठी व्यवहारभाषेत यासाठी मोठे भांडवल आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे बोलीत मुरलेले अपूर्णांक होत. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी हे पाढे पाठ करून घेत असत. ‘साडेतीन लिटर दुधातून पाऊण लिटर काढले, तर किती उरेल?’ याचे ‘पावणेतीन’ हे उत्तर जो तोंडी देतो, तोच विद्यार्थी कागदावरील 3½ − ¾ पाहून थबकतो. तोंडी हिशेब आणि लेखी चिन्ह यांच्यामध्ये दुवा निर्माण करणे हे येथे शिक्षकाचे काम आहे. जेरोम ब्रूनर यांनी 1966 मध्ये मांडलेला कृती, चित्र आणि चिन्ह हा क्रम या ठिकाणी उपयुक्त ठरतो. आधी प्रत्यक्ष मापाने मोजावे, मग संख्यारेषेवर दाखवावे आणि शेवटी छेद समान करून लिहावे.

बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये प्रभुत्व अध्ययनाची कल्पना मांडली. एका घटकावर प्रभुत्व आल्याविना पुढील घटकाकडे जाऊ नये, हा तिचा गाभा आहे. वर्गात हे तत्त्व पाळणे कठीण जाते. घरी मात्र इयत्तेचे वेळापत्रक आड येत नाही, ही गृहशिक्षणाची मोठी जमेची बाजू होय. रोज 40 मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा केलेल्या चार तासांच्या सरावापेक्षा अधिक टिकतो. प्रत्येक बैठकीत आधीच्या आठवड्यातील दोन-तीन उदाहरणे मिसळावीत, म्हणजे विस्मरणास आळा बसतो.

भीती आणि नातेसंबंध :

गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते जॉन होल्ट यांनी ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ (1964) या ग्रंथात वर्गातील मुलांचे बारकाईने निरीक्षण नोंदविले आहे. भीतीपोटी मुले विचार करण्याऐवजी शिक्षकाला हवे ते उत्तर ताडण्याच्या युक्त्या शोधतात, असे त्यांना आढळले. ही भीती शाळेच्या भिंतींपुरती मर्यादित राहत नाही. आई किंवा वडील स्वतःच धास्तावून परीक्षकाच्या भूमिकेत शिरले, तर ती घरातही शिरते आणि मुलाला त्यांच्यापासून दूर जाण्यास जागाही उरत नाही. म्हणून गणितापुरता तरी त्रयस्थ मार्गदर्शक असणे हितावह आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला पाचवीचे पुस्तक उघडपणे हाती देणेही अपमानास्पद वाटते. तोच घटक कर्जावरील व्याज, क्रिकेटमधील धावगती, कापडाचे माप अशा वयानुरूप संदर्भातून द्यावा.

गणित ठेवावे की वगळावे?

मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेत पाच विषय निवडता येतात आणि त्यांत गणित अनिवार्य नाही. नोंदणी पाच वर्षे वैध असते. त्यामुळे सर्व विषय एकाच वेळी देण्याची घाई नसते. विद्यार्थी आधी इतर विषय उत्तीर्ण होऊन गणितासाठी वर्षभर अधिक घेऊ शकतो. गणित कायमचे वगळल्यास अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र अशा मार्गांवर अडथळे येतात. हा निर्णय विद्यार्थ्याला विश्वासात घेऊन, निदानानंतर घ्यावा. भीतीच्या भरात घेऊ नये.

महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका :

हे विद्यार्थी उद्या महाविद्यालयाच्याच वर्गात येणार आहेत. गणित विभागाला प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात वर उल्लेखिलेल्या सहा घटकांची, गुण न देणारी निदान चाचणी घेता येईल. अध्यापक महाविद्यालयांतील छात्राध्यापकांना अशा एका विद्यार्थ्याच्या चुकांचे विश्लेषण प्रकल्प म्हणून देता येईल. यातून विद्यार्थ्यास त्रयस्थ मार्गदर्शक मिळेल आणि भावी शिक्षकास चूक वाचण्याची सवय लागेल.

समारोप :

गृहशिक्षण घेणाऱ्या किशोरवयीन विद्यार्थ्याचा गणितातील अनुशेष बहुधा काही निवडक घटकांत साठलेला असतो. त्या घटकांचा शोध, तोंडी ज्ञानाची लेखी चिन्हांशी सांगड, रोजचा अल्प सराव आणि परीक्षेच्या लवचिक व्यवस्थेचा विचारपूर्वक उपयोग या चार गोष्टींतून तो भरून निघू शकतो. त्यासाठी पालकांनी गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडत बसण्याऐवजी आजच्या एका चुकीपासून प्रारंभ करणे आवश्यक आहे.