दातांचा तज्ज्ञ कोणाला म्हणावे?

मंडळी, तालुक्याच्या गावी गेलात की एस. टी. स्टँडसमोर दाताच्या डॉक्टरांच्या दोनचार पाट्या दिसतातच. एकीवर नुसतं ‘दंतवैद्य’, दुसरीवर ‘दंतरोग तज्ज्ञ’. शाळेतल्या एखाद्या मुलीचे दात पुढे आलेले असतात. गुरुजी वडिलांना सांगतात, तज्ज्ञाला दाखवा. दाखवायचं खरं, पण तज्ज्ञ कोण हे ठरवतं कोण? पाटी रंगवणारा तर ठरवत नाही!

पूर्वी ते कोणीच ठरवत नसे. बाजाराच्या दिवशी झाडाखाली चादर पसरून बसणाराही दाढ काढी आणि कवळी बसवी. मग १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली, आणि राज्याराज्यांत दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली. या वहीचे दोन भाग केले होते बरं का. एका भागात मान्य पदवीचे लोक. दुसऱ्यात पदवी नाही, पण काही वर्षं याच कामावर ज्यांचं पोट चालत आलं होतं असे. जुन्यांच्या पोटावर पाय नको आणि नव्याने बिनशिकलेला माणूस आत यायला नको, असा तो तोडगा. मला तो शहाणपणाचा वाटतो.

आता शिक्षणाचं बघा. बी. डी. एस. म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष रुग्णांवर प्रत्यक्ष काम. एवढं शिकलेला डॉक्टर दात भरतो, काढतो, कवळीही करतो. तो पुरा डॉक्टर असतो. त्याला कमी लेखू नका. त्यापुढे तीन वर्षं एकाच शाखेत घालवून, प्रबंध लिहून परीक्षा दिली की एम. डी. एस. होतं. अशा शाखा नऊ. हिरड्यांची वेगळी, लहान मुलांच्या दातांची वेगळी, वाकडे दात सरळ करण्याची वेगळी, जबड्याच्या शस्त्रक्रियेची वेगळी. गावोगाव जाऊन दंतआरोग्य पाहण्याचीसुद्धा एक शाखा आहे.

या शाखा शिकवायला कॉलेजाने नुसतं फलक लावून भागत नाही. जुन्या कायद्याने घालून दिलेली रीत अशी, की आधी परवानगी मिळे, तीही शाखेगणिक आणि जागा मोजून. शिक्षक किती, खुर्च्या किती, रोगी किती येतात, हे तपासनीस पाहून जात. पहिली तुकडी परीक्षेला बसली की ते पुन्हा येत, परीक्षा कशी घेतात ते बघत. मग परिषदेचा सल्ला घेऊन केंद्र सरकार राजपत्रात त्या पदवीचं नाव कायद्याच्या यादीत घाली. म्हणून एकाच कॉलेजात एका शाखेला मान्यता आहे आणि दुसरीला नाही, असंही घडू शकतं. २०२३ साली संसदेने या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. राज्याची नोंदवही त्यातही ठेवली आहे.

पदवी हाती आली तरी एक पायरी उरतेच. ती जादा पदवी राज्य परिषदेच्या वहीत आपल्या नावापुढे चढवून घ्यावी लागते. त्या शाखेची पदवी नसताना स्वतःला तिचा तज्ज्ञ म्हणवणं व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही.

तेव्हा त्या मुलीच्या वडिलांनी काय करावं? पाटीवरचं ‘तज्ज्ञ’ सोडून पदवी वाचावी. एम. डी. एस. असेल तर, ‘डॉक्टर, कोणत्या शाखेत?’ असं सरळ विचारावं. हिरड्यांचा तज्ज्ञ फार हुशार असेल, पण दातांना तार लावण्याचं शिक्षण त्याच्या शाखेचं नव्हे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असायला हवा, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही हवा. नाही दिसला तर मागावा. तारेचं काम दीड-दोन वर्षं चालतं, पैसाही बराच लागतो. त्यामुळे ही विचारपूस पहिल्याच खेपेला, पैसे देण्याआधी करावी.