धर्मपित्याचं नाव कशासाठी लिहिलं?

गोव्यातल्या एखाद्या जुन्या चर्चचं बाप्तिस्म्याचं पुस्तक उघडलं, की पोर्तुगीजमधल्या चार-पाच ओळींच्या नोंदी एकाखाली एक दिसू लागतात. तारीख, बाळाचं नाव, आईबापांची नावं, गाव, पाद्रींची सही. आणि त्यांच्या जोडीला आणखी एक-दोन नावं असतात, धर्मपित्याचं आणि धर्ममातेचं. वंशावळ शोधणाऱ्यासाठी ही नावं म्हणजे घबाडच. पण पाद्रींनी ती त्याच्या सोयीसाठी लिहिली नव्हती. मग कशासाठी लिहिली?

याचं उत्तर आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या ट्रेंट शहरात आहे. तिथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये लग्नाविषयी नवे नियम केले. बाप्तिस्म्याला धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभी राहिलेली व्यक्ती त्या बाळाची आणि त्याच्या आईबापांचीही नातलग होते, असं चर्च मानत असे. रक्ताचं नसलं तरी हे नातं इतकं पक्कं की त्यात लग्न निषिद्ध. पण एकेका बाळासाठी बरीच माणसं उभी राहू लागली, तेव्हा कोणाचं कोणाशी लग्न चालतं याचा गुंता वाढत गेला. परिषदेने ठरवून टाकलं, की एकच व्यक्ती, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री, आणि त्यांची नावं पाद्रींनी पुस्तकात लिहायची. लग्नांचंही पुस्तक ठेवायचं आणि त्यात वधूवर, साक्षीदार, दिवस आणि ठिकाण नोंदवायचं.

निषिद्ध लग्नं टाळण्यासाठी केलेला हा बंदोबस्त. पोर्तुगीज राजवटीबरोबर तो गोव्याच्या खेड्यापाड्यांत पोचला आणि शेतात राबणाऱ्या, आयुष्यात एक अक्षरही न लिहिलेल्या माणसांची नावं कागदावर उतरली.

ही नावं किती मोलाची, ते आडनावांच्या जंगलात शिरल्यावर कळतं. धर्मांतराच्या वेळी अनेक घराण्यांना पोर्तुगीज आडनावं मिळाली, कधी पाद्रींचं तर कधी धर्मपित्याचं. त्यामुळे एका गावातले दोन फर्नांडिस एकमेकांचे कोणीच नसू शकतात. त्यातच दोन्ही घरांत एकेक आंतोनियो असला तर आपला कोणता? अशा वेळी वाड्याचं नाव आणि धर्मपिता-धर्ममाता कामी येतात. ती पुष्कळदा बाळाची आत्या, मामा, आजोबा असत. एकाच दांपत्याच्या सगळ्या मुलांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, की आजोळचं घर आपोआप दिसू लागतं.

याहून मोठी लॉटरी लग्नाच्या परवानगीच्या कागदांत लागते. चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात, म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एकच असले तरी, १९१७ च्या चर्च-कायद्यापर्यंत खास सूट घ्यावी लागे. ती मागताना नातं कुठून कसं जुळतं हे मांडावं लागे. लग्नाच्या घाईत असलेल्या त्या जोडप्याने आपल्यासाठी चार पिढ्यांची वंशावळ आयती करून ठेवलेली असते! गोव्यातल्या अनेक चर्चची जुनी पुस्तकं आज पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत.

नोंद सापडली तरी तारीख डोळे झाकून उतरवून घ्यायची नाही. याचं सर्वांत गमतीचं उदाहरण माहीमच्या खाडीवर आहे. मुंबई १६६५ मध्ये इंग्रजांकडे गेली, पण खाडीपलीकडचं वांद्रे १७३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं. पोर्तुगालने पोप ग्रेगरीची नवी दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत मानली नाही, शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. मुंबईच्या किल्ल्यातल्या सेंट थॉमस चर्चमध्ये जुन्या इंग्रजी रीतीने ‘१० फेब्रुवारी १७२०’ ही तारीख लिहिली जात असेल, त्याच सकाळी वांद्र्याचे पाद्री लिहीत असतील २१ फेब्रुवारी १७२१. खाडीची रुंदी ती केवढी, आणि तारखांत अंतर अकरा दिवसांचं, सालात एका वर्षाचं.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या विनामूल्य सूचीत त्यांतली पुष्कळ नावं घरबसल्या शोधता येतात.

वर्तमानपत्रांची तऱ्हा वेगळी. १७९०च्या दशकातला ‘बॉम्बे कुरिअर’ संगणकावर शोधायला बसलात तर ‘सिम्प्सन’ कदाचित सापडणारच नाही. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या आत येणारा इंग्रजी ‘एस’ लांबट असे, थेट ‘एफ’सारखा दिसणारा. यंत्र तो ‘एफ’ म्हणूनच वाचतं. म्हणून ‘सिम्प्फन’ असं मुद्दाम चुकीचं टाइप करून पाहावं. माणूस तिथे लपलेला असू शकतो.

यंत्राची चूक अशी सुधारता येते, छापणाऱ्यांची दृष्टी नाही. इंग्रजी पत्रांत बोटीने आलेल्या-गेलेल्या प्रवाशांच्या याद्या येत. त्यांत साहेबाचं नाव, मडमेचं नाव आणि पुढे नुसतं ‘एक नोकर’. ज्याला वाचक ओळखतो, त्याचंच नाव बातमीत येई. चर्चच्या पुस्तकाला ही मुभा नव्हती. नाव गाळलं तर उद्या निषिद्ध नात्यात लग्न लागायचं, म्हणून मालकाचं आणि कुळाचं मूल तिथे सारख्याच चार ओळींत बसवावं लागलं. पण जो चर्चच्या कक्षेत आला नाही, त्याला त्या पुस्तकातही जागा नव्हती.

तेव्हा कुठलाही जुना कागद हाती आला, की तो कोणी, कोणाच्या भीतीपोटी किंवा फायद्यासाठी लिहिला, हे आधी पाहावं. आणि चर्चचं पुस्तक मिळालं तर फक्त आपलं आडनाव हुडकून ते मिटू नये. पुढची-मागची दहा वर्षं पूर्ण वाचावीत. आपली पणजी तिच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यात एकदाच भेटते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेकरांची धर्ममाता म्हणून मात्र ती पुनःपुन्हा भेटू शकते.