विश्लेषण : फोटॉनची वाट खरेच दिसली का?

कण कोणत्या फटीतून गेला हे पाहिले, की पडद्यावरचे पट्टे नाहीसे होतात. मग कॅनडातील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये पट्टे शाबूत ठेवून फोटॉनच्या वाटांचा नकाशा कसा काढला?

मूळ कोडे काय?
दोन अरुंद फटींतून प्रकाश सोडला की पलीकडच्या पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंग यांनी अशा प्रयोगांतून प्रकाश ही लहर असल्याचे दाखवले. पुढे कोडे वाढले. १९८९ मध्ये जपानमधील ‘हिताची’चे अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी अशाच प्रयोगात एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला. प्रत्येकाचा एक ठिपका उमटला. पण हजारो ठिपके जमल्यावर पट्टेच तयार झाले.

वाट पाहिल्याने काय बिघडते?
कण कोणत्या फटीतून गेला हे कळण्यासाठी त्याच्या वाटेची काही खूण उरावी लागते. खूण जितकी स्पष्ट, तितके पट्टे पुसट. हा उपकरणांचा दोष नाही, क्वांटम भौतिकीचा नियम आहे.

टोरांटोत काय केले?
टोरांटो विद्यापीठातील एफ्रेम स्टाइनबर्ग यांच्या गटाने ‘दुर्बल मापन’ वापरले. याकिर अहारोनोव्ह आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना १९८८ मध्ये मांडली होती. एकेक फोटॉन कॅल्साइटच्या पातळ स्फटिकातून सोडण्यात आला. त्याच्या दिशेनुसार त्याचे ध्रुवीकरण किंचित बदले. हा बदल इतका सूक्ष्म, की एका फोटॉनवरून जवळपास काहीच कळत नाही आणि पट्टेही टिकतात. फोटॉन कुठे पोहोचला, हे मात्र कॅमेरा अचूक नोंदवतो. असंख्य नोंदींवरून प्रत्येक ठिकाणची सरासरी दिशा काढली गेली. वेगवेगळ्या अंतरांवर हेच करून त्या दिशा जोडल्या आणि नकाशा तयार झाला.

मग नियम मोडला का?
नाही. या वाटा सरासरी आहेत. वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका कळत नाही, तसेच हे.

वाद मिटला का?
नकाशातील रेषा मधली सीमा ओलांडत नाहीत. कणांना निश्चित वाट असते, असे मानणाऱ्या डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या सिद्धांताशी हे जुळते. मात्र निश्चित वाट न मानणाऱ्या रूढ क्वांटम सिद्धांताचे गणितही याच निरीक्षणांकडे नेते. त्यामुळे फोटॉनला स्वतःची वाट असते की नाही, हा वाद या प्रयोगाने मिटत नाही.