स्वमग्नता : बालपणापासून पालकांच्या पश्चात

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कुटुंबांनी ध्यानात ठेवावे असे टप्पे :

■ प्रमाणपत्र : ऑनलाइन अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. 'यूडीआयडी' हे दिव्यांग ओळखपत्र देशभर चालते.

■ शाळा : 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षण, जवळच्या किंवा विशेष शाळेत.

■ उपचार : राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत. थेरपीचा खर्चही मिळतो. वयाची अट नाही.

■ अठरानंतर : मूल कायद्याने सज्ञान होते. आई-वडिलांनाही कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो (राष्ट्रीय न्यास कायदा, 1999).

■ नोकरी : सरकारी पदांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार आदी गटांसाठी.

■ दरमहा आधार : उत्पन्नाच्या अटीत बसल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजना, अर्ज तहसील कार्यालयात.

■ पालकांच्या पश्चात : पालक सरकारी नोकरीत असल्यास, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला नियमानुसार आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. सेवेत असतानाच अपत्याची नोंद करून घ्यावी.