जड ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाच्या क्लचची निवड : शब्द आणि वस्तू

करावे हे खाडीकाठचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर उभ्या राहिलेल्या नवी मुंबईच्या वस्तीत ते सामावले गेले. आणि १९८९ साली उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून या परिसरातील रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची वर्दळ नित्याची झाली. आम्र मार्गाने बंदराकडे जाणाऱ्या या वाहनांस दोन प्रकारची कामे करावी लागतात. एक, बंदराच्या दारापाशी रांगेत इंचाइंचाने सरकणे. दुसरे, माल घेऊन बोरघाट किंवा कसारा घाट चढणे. दोहोंतही सर्वाधिक झीज सोसणारा भाग म्हणजे क्लच होय.

हा भाग निकामी झाला म्हणजे चालक सामान्यतः ‘क्लच गेला’ एवढेच सांगतो. भाषेच्या दृष्टीने हे वाक्य पूर्ण असले, तरी निदानाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. ‘जाणे’ या एका क्रियापदाखाली येथे निदान तीन भिन्न घटना झाकल्या जातात. ‘क्लच घसरतो’ म्हणजे एंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही. येथे पकड अपुरी असते. ‘क्लच सुटत नाही’ म्हणजे पेडल दाबूनही गिअर खरखरतो. येथे पकड उत्तम असूनही ती मोकळी करणारी यंत्रणा सदोष असते. ‘क्लच थरथरतो’ म्हणजे पकड येते, पण समान येत नाही; याचे मूळ बहुधा तापून वाकलेल्या पृष्ठभागात किंवा तेलाच्या डागात असते. दुसऱ्या प्रकारच्या दोषावर नवी प्लेट बसविणे म्हणजे कुलूप अडले म्हणून दार बदलण्यासारखे आहे. यास्तव निवडीची पहिली पायरी योग्य क्रियापदाची निवड ही होय.

क्लचची रचना थोडक्यात अशी असते. एंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि स्प्रिंगांच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये, दोन्ही अंगांस घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते. तिची पकड चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : घर्षणाचे पृष्ठभाग दोन, घर्षणांक, दाब आणि सरासरी त्रिज्या. उदाहरणादाखल ४३० मिलिमीटर व्यासाची प्लेट घेऊ. तिची सरासरी त्रिज्या ०.१७ मीटर, दाब २०,००० न्यूटन आणि घर्षणांक ०.३ मानल्यास पकड सुमारे २,०४० न्यूटन-मीटर येते. ३८० मिलिमीटरची प्लेट, ०.१५ मीटर त्रिज्या आणि १६,००० न्यूटन दाब धरल्यास, १,४४० न्यूटन-मीटर धरते. एंजिनाचा कमाल पीळ १,००० न्यूटन-मीटर असेल, तर थंड असताना दोन्ही प्लेटा पुरेशा वाटतात. परंतु अस्तर तापून घर्षणांक ०.२ वर आला की पहिली १,३६० धरते आणि दुसरी ९६०. म्हणजे दुसरी नेमकी घाटात, भर चढावर, घसरू लागते. पकडीत राखीव अंश का ठेवावा लागतो, हे यावरून स्पष्ट होईल.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. ट्रेलर जड म्हणून क्लच ‘जोरकस’ हवा, असे म्हटले जाते. वास्तविक पकडीची गरज एंजिनाच्या पिळावरून ठरते, ट्रेलरच्या वजनावरून नव्हे. वजन मागते ते उष्णता सोसण्याचे सामर्थ्य. सपाटीवर गाडी हलविताना एंजिनाचा वेग स्थिर राखला, तर प्लेटा एकवेग होईपर्यंत गाडीस जितकी गतिज ऊर्जा मिळते, जवळजवळ तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. ४० टनांची जोडगाडी पहिल्या गिअरमध्ये सेकंदास १.३ मीटर वेगाशी एकवेग होत असेल, तर दर सुरुवातीस सुमारे ३४ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. दुप्पट वेगाच्या गिअरमध्ये सुरुवात केली तर ती चौपट, म्हणजे सुमारे १३५ किलोज्यूल होते. रांगेत शंभरदा थांबणाऱ्या वाहनात या फरकाचे महत्त्व सांगावयास नकोच. चढावर ‘हाफ क्लच’वर गाडी तोलून धरण्याची सवय तर अधिकच घातक : विसास एक अशा चढावर हीच गाडी याच गिअरमध्ये अशी धरल्यास दर सेकंदास सुमारे २५ किलोज्यूल उष्णता होते. दहा सेकंदांत सात सुरुवातींहून अधिक झीज होते ती अशी.

आता अस्तराचा प्रश्न. सेंद्रिय अस्तर मऊपणे धरते. रांगेत गाडी सरकविण्यास ते सोयीचे असते, मात्र अतितापाने त्याची पकड ढिली पडते. सिरॅमिक अस्तर ताप अधिक सोसते, पण एकदम धरते. त्यामुळे हळूहळू सरकताना धक्के बसतात आणि फ्लायव्हीलही लवकर झिजते. म्हणून बंदराच्या रांगेत दिवस काढणाऱ्या वाहनास पुरेशा व्यासाची सेंद्रिय प्लेट बहुधा हितकर ठरते. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस वापरले जात असे. म्हणून जुना क्लच उघडताना धूळ हवेच्या झोताने उडवू नये.

स्प्रिंगांचा दाब वाढवून पकड वाढविण्याचा मार्ग सोपा भासतो; तथापि त्याने पेडल जड होते आणि रिलीज बेअरिंगवर भार वाढतो. शिवाय धक्का बसताच थोडे घसरून गिअरबॉक्स व मागील आसास वाचविण्याचे कामही क्लच करीत असतो. पकड अवास्तव वाढविली की तो धक्का पुढे जातो.

मोटार वाहनांच्या वजनाच्या मर्यादा केंद्र शासनाने २०१८ साली वाढविल्या; ट्रेलर-जोडगाड्यांची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. परंतु कायद्याने परवानगी मिळाली म्हणजे यंत्रास सामर्थ्य आले असे नव्हे. उत्पादकाने त्या विशिष्ट वाहनास दिलेली मर्यादाच प्रमाण मानली पाहिजे.

म्हणून दुकानात ‘मोठ्या ट्रेलरचा क्लच द्या’ असे न म्हणता चॅसिस क्रमांक, एंजिनाचा कमाल पीळ, प्लेटेचा व्यास, हबातील खाचांची संख्या, जोडगाडीचे एकूण वजन आणि कामाचे स्वरूप सांगावे. प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्र बदलावे. फ्लायव्हीलवर निळे डाग वा तडे आहेत काय हे पाहावे. आणि तेल झिरपत असल्यास ते आधी थांबवावे, कारण तेलाने घर्षणांक ०.१ वर आला तर वरील मोठी प्लेटही ६८० न्यूटन-मीटरच धरील. भर चढावर पकड सुटली तर मागच्या वाहनातील माणसांचेही प्राण पणाला लागतात. ‘क्लच गेला’ या दोन शब्दांच्या जागी दोषाचे नेमके वर्णन आले, तर खर्च वाचेल; आणि प्रसंगी जीवही वाचेल.