आठवड्याची एक रेघ

३० जून १९०८ रोजी सकाळी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर, जमिनीला न टेकता आकाशातच एक महाभयंकर स्फोट झाला. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरांतलं जंगल आडवं झालं. तिथवर पहिली शास्त्रीय मोहीम पोचायला १९२७ साल उजाडलं. इंग्लंडमधल्या काही संवेदनशील वायुभारलेखक यंत्रांनी मात्र त्याच दिवशी, स्फोटानंतर साधारण पाच तासांनी, हवेच्या दाबातली एक बारीक थरथर कागदावर उतरवली होती. ती कशाची, हे तेव्हा कुणालाच उमगलं नाही. १९३० साली हवामानतज्ज्ञ व्हिपल यांनी ते जुने आलेख आणि सायबेरियातला स्फोट यांची सांगड घातली. वायुभारलेखकाचं, म्हणजेच बॅरोग्राफचं, खरं मोल मला इथे दिसतं. माणूस वायुभारमापक पाहतो तो काहीतरी शोधायला. हे यंत्र कुणी काही शोधत नसतानाही लिहीत राहतं.

तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीमुळे सतराव्या शतकातच दाब मोजता येऊ लागला होता. पण नळी वाचायला माणूस लागतो, आणि दोन वाचनांच्या मधलं सगळं हरवतं. अलेक्झांडर कमिंग यांनी १७६५ साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजासाठी स्वतःच दाब नोंदवणारं घड्याळ घडवलं. पण अशी वस्तू राजाच्या दिवाणखान्यापुरतीच. लुसिआँ विदी यांनी १८४४ च्या सुमारास पाऱ्याविना चालणारा निर्द्रव वायुभारमापक पुढे आणला आणि पुढे पॅरिसच्या रिशार बंधूंच्या कारखान्याने त्याला लेखणी जोडली, तेव्हा ही नोंद जहाजांवर आणि छोट्या वेधशाळांत पोचली. रचना साधी, पण सुरेख. आतली हवा काढून घेतलेल्या पन्हळी धातूच्या चपट्या डब्यांची चळत असते. दाब वाढला की ती दबते, उतरला की फुगते. ही केसभर हालचाल तरफांनी कितीतरी पट वाढवून लेखणीच्या टोकापर्यंत नेलेली असते. समोर घड्याळाच्या यंत्रावर कागद गुंडाळलेला एक दंडगोल आठवड्यातून एक फेरा घेतो. शाई लवकर वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन मिसळतात.

यावर रास्त आक्षेप असा की, ही यंत्रं फारशी अचूक नव्हती. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, लेखणी कागदाला अडते, घड्याळ मागेपुढे होतं. आज खिशातल्या फोनमधली दाब मोजणारी चिप याहून बारीक मोजते. हे सगळं खरं आहे. दाबाचा नेमका आकडा हवा असेल तर तेव्हाही पाऱ्याच्या नळीकडेच जावं लागे, आणि बॅरोग्राफ तिच्याशीच ताडून लावत. पण आकड्यातली चूक म्हणजे आकारातली चूक नव्हे. मुंबईसारख्या उष्ण कटिबंधातल्या ठिकाणी ही रेघ दिवसातून दोनदा वर चढते, सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास; आणि दोनदा उतरते, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास. सूर्याच्या उष्णतेने वातावरणाला येणारी ही भरती-ओहोटी लंडनच्या आलेखात येत्याजात्या वादळांखाली बुडून जाते. मुंबईत ती शाईने काढलेली दिसते, आणि रोजची लय मोडून रेघ घसरू लागली की खलाशी सावध होत. क्राकाताऊ ज्वालामुखी २७ ऑगस्ट १८८३ रोजी फुटला तेव्हाही रेघेच्या आकारानेच साक्ष दिली. निरनिराळ्या देशांतले आलेख एकत्र मांडल्यावर त्या स्फोटाची लाट पृथ्वीभोवती पुनःपुन्हा फिरल्याचं दिसलं. काही ठिकाणी ती सात वेळा नोंदली गेली. रॉयल सोसायटीने १८८८ साली यावरचा अहवाल छापला. तिथे कामी आली ती उडीची वेळ आणि तिचा आकार. दाबाचा काटेकोर आकडा नव्हे.

म्हणूनच पितळ आणि काच घासूनपुसून जपताना आतले जुने कागद निरुपयोगी समजून टाकू नयेत. घड्याळाच्या चुकीचा आक्षेपही तेच कागद बऱ्याच अंशी फेडतात. दक्ष निरीक्षक ठरावीक वेळी लेखणीला हलका धक्का देई. रेघेवर एक छोटी उभी खूण उमटे, आणि शेजारी तो खरी वेळ लिही. अशी खूण असलेला शंभर वर्षांपूर्वीचा आलेख आजही मिनिटांच्या हिशोबात वाचता येतो.